दोन अंडी पार्सल

मामा गिऱ्हाइकाला कधी "उठा" म्हणाले नाहीत. ते त्याचा भरलेला ग्लास उचलायचे आणि दुसऱ्या टेबलाकडे चालू लागायचे. आता तुम्हीच सांगा, ग्लास निघून गेल्यावर माणूस मागं किती वेळ बसेल? तोही निमूटपणे मागोमाग जायचा. मामा ग्लास दुसऱ्या कुणा एकट्यासमोर ठेवायचे आणि म्हणायचे, "हितं बसा की. एकट्यानं बसू नये मानसानं."

सोलापुरातल्या एका साध्या परमिट रूममध्ये मी मॅनेजर होतो आणि मामा वेटर. मूळचे करकंबचे, वय साठीच्या आतबाहेर. बायको गावी, मुलगी सासरी, आणि मामा आमच्याच बारमागच्या खोलीत. गिऱ्हाइकांची नावं त्यांनी कधी विचारली नाहीत. त्यांच्या लेखी एक जण 'गरम पाणीवाले' होते, एक 'बिनबर्फाचे', आणि एक सभ्य बँक कर्मचारी कायमचे 'शेंगा जास्ती'. तो बँकवाला एकदा माझ्याकडे तक्रार घेऊन आला होता. मी त्याला जास्तीच्या शेंगा देऊन गप्प केलं.

हा ग्लास उचलण्याचा आगाऊपणा कशासाठी, असं मी त्यांना एकदा चिडून विचारलं होतं. मामा खांद्यावरच्या फडक्याला हात पुसत म्हणाले, "एक जण तीन दिस त्या कोपऱ्यात बसला हुता. गप. मी निस्तं पानी देत हुतो. चौथ्या दिशी पेपरात फोटो आला त्याचा, रुळावरचा." त्यानंतर मी पुन्हा विचारलं नाही.

मग तो रोग आला. बार बंद झाला, मामा खोलीत अडकून पडले. कित्येक महिन्यांनी, दसऱ्याच्या जरा आधी, बार उघडायची परवानगी आली ती नियमांचं बाड घेऊन. निम्मी टेबलं उचलायची. एकाआड एक खुर्चीवर लाल पट्टीची फुली. दारात ताप मोजायचा, हातावर सॅनिटायझर द्यायचं. जुनी गिऱ्हाइकं हात चोळायच्या आधी त्याचा वास घेऊन बघायची. आणि एक वही ठेवायची, प्रत्येकानं नाव आणि फोन नंबर लिहायचा. कुणी आजारी निघालाच तर बाकीच्यांना कळवता यावं म्हणून.

ही वही आमच्या अंगाशी आली. मामा दारात उभे राहून एकेकाच्या कानाशी पुटपुटायचे, "खरं लिवू नगा, घरी फोन जाईल." पहिल्याच दिवशी आमच्याकडे पाच पाटील येऊन बसले. मला कळत होतं, पण महिन्यांनंतर आलेलं गिऱ्हाईक दारातून परत जाऊ नये म्हणून मी काणाडोळा केला. त्याचा दोष मी मामांवर टाकणार नाही.

त्या आठवड्यात एक निवृत्त मास्तर येऊ लागले. टाळेबंदीत त्यांची बायको गेली होती. अंत्यविधीला चारच माणसं होती, एवढं त्यांनी सांगितलं आणि नंतर बोलणंच थांबवलं. एका टेबलाला एक खुर्ची, त्या खुर्चीत मास्तर. मामांचा जीव थाऱ्यावर नव्हता. ग्लासात पाणी असलं तरी पाणी द्यायला जायचे. माझ्याकडे बघायचे. मी मान हलवायचो. "मामा, नियम आहे. लायसन्स जाईल."

"नियम हाय, व्हय," ते म्हणायचे. "पर मानूस बघा की जरा."

पाचव्या दिवशी मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मामांनी त्यांचा ग्लास उचलला. नेऊन ठेवला टॉवेलच्या कारखान्यातल्या एका यंत्रमाग कामगाराच्या टेबलावर. हा माणूस आमच्याकडे आठवड्यातून दोनदा यायचा. केसांत कापसाचे तंतू, डाव्या हाताचं एक बोट निम्मं, आणि जाताना आईसाठी दोन उकडलेली अंडी पार्सल. आईला दात नाहीत, असं तो सांगायचा. मी बघितलं आणि काउंटरवरचं बिलबुक चाळत बसलो. तोंडावरचे मास्क उतरवून दोघं दोन तास बोलले. मास्तर चक्क हसले. मला बरं वाटलं, हेही लिहिलं पाहिजे.

तीन दिवसांनी मास्तरांचा फोन आला. धाप लागलेली. "मी पॉझिटिव्ह आहे. तपासणीवाल्यांना तुमचं नाव सांगितलेलं नाही. पण त्या टॉवेलवाल्याला कळवा. त्याच्या घरी म्हातारी आहे."

मी वही उघडली. त्या दिवसाच्या पानावर एकच नाव खरं होतं, मास्तरांचं. कामगाराचा असावा असा दुसऱ्या ओळीतला नंबर मी लावला. तो लातूरच्या एका बाईंना लागला आणि त्यांनी मला चांगलंच झापलं.

मामा समोर उभे होते. चेहरा उतरलेला. "मीच सांगितलं की त्याला, खरं लिवू नगा म्हनून," ते म्हणाले. "आन ग्लासबी मीच उचलला." मग विचारलं, "त्याचं नाव काय हो?" बिनबर्फाचे आणि गरम पाणीवाले ओळखणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच कुणाचं तरी नाव हवं होतं, आणि ते मलाही सांगता येईना.

दुसऱ्या दिवसापासून मामा सकाळी निघायचे आणि दुपारी चारला घामाघूम होऊन परतायचे. विणकरांच्या वस्तीत गल्ली गल्ली. चहाच्या टपऱ्या, अंड्यांचे गाडे, मागांचे कारखाने. "निम्म्या बोटाचा मानूस, घरी दात नसल्याली आई," एवढ्यावर विचारत फिरायचे. सोलापुरात निम्म्या बोटाची माणसं किती असतात, हे मला तेव्हा कळलं. दोन दिवसांत मामांना सहा भेटली, आणि त्यांतला एकही आमच्याकडे पिणारा नव्हता.

मी घाबरलो होतो. म्हातारीसाठी घाबरलो होतो, पण त्याहून जास्त बारसाठी. महापालिकेत जाऊन सगळं सांगणं सरळ होतं. त्यांनी माणूस शोधला असता आणि आमच्या शटरला सील ठोकलं असतं. मी गेलो नाही.

तिसऱ्या दिवशी मी स्कूटर काढली. मामा मागं बसले. थोडं पुढं गेल्यावर त्यांच्या छातीची धग माझ्या पाठीला शर्टातून लागू लागली.

"मामा, ताप आहे का?"

"ऊन हाय की," ते म्हणाले. "चला तुमी."

सकाळचे नऊ वाजले होते. ऊन अजून कोवळं होतं. तरी मी गाडी थांबवली नाही.

अकराच्या सुमारास एका अंडीवाल्यानं बोट दाखवलं. बोळाच्या टोकाला पत्र्याचं घर, दारात आमचा माणूस दाढी करत बसलेला. मामांना बघून त्याला कोण आनंद झाला. "मामा, तुम्ही इकडं कसे!" म्हणत तो उठून पुढं आला, तसे मामा मागं सरले. तो आणखी एक पाऊल आला, मामा आणखी दोन पावलं मागं.

"फुडं येऊ नगा!" ते ओरडले. "तितंच थांबा. मास्तरांस्नी रोग निगालाय. आज तपासून घ्या. आन आईला येगळं ठिवा, आजच्या आज."

त्याच्या तोंडावरचा फेस तसाच राहिला. आतून म्हातारी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. "नीळ्ळु," तेलुगूत म्हणाली आणि तांब्या पुढं केला. मामांचे ओठ कोरडे पडले होते. त्यांनी हात जोडले आणि पाणी घेतलं नाही.

त्या मायलेकांचा अहवाल निगेटिव्ह आला. म्हातारी अजून धडधाकट आहे. मास्तरही महिनाभरानं घरी परतले. मामा सरकारी दवाखान्यात नवव्या दिवशी वारले. करकंबहून त्यांची बायको आणि जावई आले, पण त्यांना तोंड बघायला मिळालं नाही. त्या तीन दिवसांत मामा किती टपऱ्यांवर, किती दारांत उभे राहिले, आणि त्या तापात किती जणांशी बोलले, याचा विचार मी करायला लागतो आणि अर्ध्यातच सोडतो. तापाचं त्यांना वेळीच विचारायचं राहून गेलं. खरं म्हणजे स्कूटरवर मी विचारलं होतं आणि उत्तर मला सोयीचं होतं.

त्या दिवशी बोळातून बाहेर आल्यावर मी स्कूटर सुरू केली. मामा बसले नाहीत. दहा हात लांब, एका बंद दुकानाच्या पायरीला टेकून उभे राहिले.

"झालं काम," म्हणाले. "आता तुमी लांब व्हा. परवापास्नं ताप हाय मला. सांगितलं असतं तर तुमी हिंडू दिलं नसतं."

"मामा, बसा मागं. दवाखान्यात जाऊ."

"न्हाय. मी चालत जातो. घरी ल्योक हाय तुमचा बारका. जावा."

मी एकदाच म्हणालो, "अहो, बसा." दुसऱ्यांदा म्हणालो नाही. त्यांनी हातानं जा जा अशी खूण केली, आणि मी गेलो. कोपऱ्यापर्यंत आरशात ते दिसत होते, पायरीला धरून उभे. पाठीला आता वारा लागत होता, आणि मला हायसं वाटत होतं.