आर्डिथबाईंनी काढलेली सोडत

आर्डिथ कोल्बेकबाई आयुष्यात कुठल्याही फोटोत पुढच्या रांगेत उभ्या राहिल्या नाहीत. अमेरिकेतल्या एल्क बेंड गावच्या ल्यूथरन पंथाच्या ख्रिस्ती घरांत मुलींना हेच शिकवतात: राबावं, पण मिरवू नये. चर्चच्या तळघरात वीस वर्षं बिंगो, म्हणजे पिंजऱ्यातून नंबरांचे गोळे काढायचा खेळ, चालवला बाईंनी, आभार मानले जायचे पाद्रीबुवांचे.

गावातला बोलिंगचा हॉल बंद पडला आणि तिथे चार्टर शाळा काढायचं ठरलं. म्हणजे पैसा सरकारचा आणि कारभार गावच्या मंडळाचा. राज्याच्या कायद्याला आधी गावकऱ्यांच्या सह्या हव्या होत्या. गुडघाभर बर्फातून दारोदार फिरून बाईंनीच त्या गोळा केल्या. कारण घरातच होतं. लेक वारल्यापासून नात टिल्डी त्यांच्याकडे होती, कागदोपत्री पालकही त्याच. पोर बोलताना अडखळायची. बत्तीस मुलांच्या बालवर्गात तिनं वर्षभर तोंड उघडलं नव्हतं. नव्या शाळेत पहिलीला अठराच मुलं असणार होती.

कायदा समतेचा मोठा भोक्ता. अर्ज जास्त आले तर सगळ्यांसमोर सोडत. फक्त संस्थापकांच्या मुलांना सोडतीविना जागा. हे कलम कळलं मात्र, गावात संस्थापकांचं पीक आलं. दातांच्या डॉक्टरची बायको कॉर्लिस हिनं एका बैठकीला ब्राउनी आणल्या होत्या, म्हणून ती संस्थापक. नवऱ्यानं त्या खाल्ल्या, म्हणून तोही. यादी टाईप करायला अर्थातच आर्डिथबाई. आपलं नाव आपल्याच हातानं घालायचं, या कल्पनेनंच त्यांचे कान लाल झाले. कोणी सुचवलं तर घालू, असं त्यांनी ठरवलं. कोणी सुचवलं नाही. यादी राजधानीला गेली आणि मंजूर होऊन आली.

"अगं, यात तुझं नाव नाही?" महिन्यानं मंडळाचे अध्यक्ष रँडल थॉर्प म्हणाले. "कमाल आहे तुझी! आता कायद्यानं हात बांधलेत बघ. सोडत मात्र तूच काढ. बिंगोचा पिंजरा तुझ्याइतका कोणाला फिरवता येतोय?"

पहिलीच्या चौदा जागा संस्थापकांनी खाल्ल्या. उरल्या चार, अर्ज एकाहत्तर. बाईंनी पिंजरा फिरवला. तीन नंबर परक्यांचे निघाले. चौथा गोळा हातात आला, बाईंनी अर्जांच्या यादीत त्या नंबरावर बोट ठेवलं, आणि तिथे टिल्डीचं नाव होतं.

त्यांच्या तोंडून शब्द फुटायच्या आत कॉर्लिस उठली.

"माझं वैयक्तिक काही नाही हं. पण सोडत त्रयस्थानं काढायची असते. आजीच नातीचा नंबर काढणार? हे कसं चालेल?"

"आणि तुझी दोन्ही पोरं फुकटात आत गेली ती?" मागून कोणीतरी विचारलं.

"ती कायद्यात बसतात."

मंडळानं पाच मिनिटं खल केला. पहिले तीन नंबर ग्राह्य, कारण ते बाईंचे कोणी लागत नव्हते. चौथा बाद. गोळा परत पिंजऱ्यात गेला, थॉर्पनी स्वतः मूठ फिरवली आणि बटाट्याच्या व्यापाऱ्याचा नातू निघाला.

बाई "बरोबर आहे, बरोबर आहे" म्हणत खुर्च्या आवरू लागल्या. राग येतो तो कॉर्लिसपेक्षा या "बरोबर आहे"चा.

घरी टिल्डी दारातच उभी होती.

"आ... आजी, माझा नंबर आला?"

"आला होता गं. पण त्यांनी तो परत टाकला."

"म... मग तू काय म्हणालीस?"