जमिनीवर पाडलेलं देवाचं नाव

फौजेतून निवृत्त झाल्यावर मी साताऱ्याचे कंदी पेढे इस्लामपुरात विकायला बसलो. दुकानाला आमच्या कुलदैवताचं नाव दिलं. काही वर्षांनी मुलाने पुण्याहून एक दिवा आणला. तो पाटीखाली लावला, की गटारापलीकडच्या जमिनीवर दुकानाचं नाव उजेडात उमटायचं, पिवळं, खाटेएवढं. लोक थांबून बघायचे. मला मोठा अभिमान वाटायचा.

पहिल्याच आठवड्यात ध्यानात आलं, की नावावर कोणी पाय देत नाही. इकडून गटार, म्हणून माणसं रस्त्याच्या अंगाने वळसा घालायची. आणि गळीत हंगामात त्याच रस्त्याने दोन-दोन ट्रॉल्या ओढत उसाचे ट्रॅक्टर जायचे.

जवळच्या गल्लीत लेकीकडे राहणारी आटपाडीकडची एक आक्का रोज दिवेलागणीला देवापुढे ठेवायला पेढा न्यायची. सारा जन्म मेंढरांमागे गेलेला. ती तर चप्पल हातात घेऊन वळसा घालायची.

"आवं, देवाला असं वाटंवर झोपवलंय व्हय?"

"आक्का, उजेड हाय त्यो. पाय लागत न्हाई."

"मग तुमी द्या बघू पाय."

मी दिला नाही. शेजारचा सायकलवाला हसायला लागला. "सुभेदार, सीमेवर भ्याला न्हाईसा आन् बल्बला भ्याला व्हय!"

बायकोने बजावलं, "देवाचं नाव काढा, नुसतं 'पेढे' ठेवा. कोणीतरी गाडीखाली जाईल." तेव्हापासून ट्रॅक्टरचा आवाज आला, की मी हातातलं काम टाकून रस्त्याकडे बघायचो. पण नाव कोरलेली दिव्यातली चकती पुण्याहून बदलून आणावी लागणार होती. हंगाम संपल्यावर बघू, म्हणालो.

त्याच हंगामात एका संध्याकाळी आक्का पेढा घेऊन दुकानाची पायरी उतरली, चप्पल काढली आणि रस्त्यावर गेली. मागून ट्रॅक्टर येत होता, सावकाश, कडेला न येता. तो पुढे गेला. नाव चुकवत ती आणखी आत सरकली आणि मागच्या ट्रॉलीचं चाक तिच्या पायावरून गेलं.

ती किंचाळली. मी उठलो आणि आधी दिव्याचं बटण बंद केलं. मग तिच्याकडे धावलो.

पोलिसांना सांगितलं, ड्रायव्हरने गाडी कडेला घातली. सुभेदाराचा शब्द, कोणी दुसऱ्यांदा विचारलं नाही. दिवा पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकला. पुढे दारात खाकी कपडे दिसले, की पेढे मोजता मोजता माझा आकडा चुकायचा. ड्रायव्हरचं लायसन गेलं, खटला अजून चालू आहे. आक्काचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

दोन हंगाम मी तिच्या गल्लीत पाऊल टाकलं नाही. गेल्या आठवड्यात गेलो. ती खाटेवर बसून होती. आपणहूनच बोलली, "माझा पाय लागला आसंल देवाला. मी पडले आन् नाव इझलं बगा. द्येव उठून गेला. तवापास्नं डोळा मिटायचं भ्या वाटतंय."

एवढे दिवस मी पोलिसांना भीत होतो. ही कशाला भीत होती, ते मला माहीतच नव्हतं.

"आक्का, देव न्हाई गेला. बटण मी दाबलं."

"का?"

"भ्यालो."

"आन् त्यो डायवर?"

"त्याची चूक न्हवती."

"मग हितं काय बसलाय?" ती एवढी ओरडली, की लेक आतून धावत आली.

उद्या ठाण्यात जायचं आहे. मुलगा म्हणतो, या वयात तुम्हाला आत टाकतील. टाकतीलही. जबाब मी सांगतो आहे, बायको लिहून घेते आहे. मध्येच पेन थांबवून ती विचारते, "ट्रॅक्टर कडेला आला नव्हता, असंच लिहू?"

असंच लिही, म्हणालो.