हाशमभाईंनी सजवलेली खोली

एरंडोलमध्ये हाशमभाईंनी केलेलं कपाट हाताला कळतं. दारावरून तळवा फिरवला तर कुठे अडत नाही. तीस वर्षं ते हेच काम करत आले आहेत. घराला लागून पत्र्याची शेड आहे. तिथेच रंधा चालतो, तिथेच पॉलिश होतं.

मुलगी मिसबाह धुळ्याला, देवपुरात दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच. सातव्या महिन्यात ती येणार म्हटल्यावर हाशमभाईंनी बाहेरची कामं बाजूला ठेवली आणि घरातली मागची खोली हातात घेतली. भिंतींना फिकट हिरवा तेलरंग दिला. एका भिंतीभर प्लायचं कपाट उभं केलं. बाळाचे कपडे ठेवायचे कप्पे बाळंतिणीला वाकायला लागू नये अशा उंचीवर केले. पॉलिशचा शेवटचा हात ती येण्याच्या आदल्या दिवशी दिला आणि ओल्या पॉलिशवर धूळ बसू नये म्हणून खिडक्या लावून घेतल्या. कारागिराची ही रीतच. पॉलिश वाळल्यावर त्या उघडायच्या होत्या. तोवर घरातली रीत आडवी आली. पोटुशीला वारा लागू नये म्हणून हाशमभाईंच्या बायकोनं, नसीमनं, खिडक्यांच्या फटींतही कापड कोंबलं.

मिसबाहनं कपाटाची सगळी दारं उघडून पाहिली.

"अब्बा, माझ्या सासूबाईंनी हे बघितलं तर त्याही इथेच राहायला येतील."

"येऊ देत की. शेडमध्ये रंधा मारायला माणूस हवाच आहे."

लहानपणी मिसबाहला दमा होता. गेली काही वर्षं तो शांत होता. आल्यापासून ती खोकू लागली, डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. एके सकाळी गादी ओढत ओट्यावर आली आणि म्हणाली, आत गरम होतं.

शेजारच्या कुंदाबाई अंगण झाडत होत्या. "थंडीना दिनमा गरम कसं व्हस, पोरी?" त्यांनी झाडू तसाच ठेवला आणि दारातून आत डोकावल्या. "हाशमभाऊ, घरमा बठ्ठा रंगनाच वास शे ना!"

"वास कुठला आता, अक्का? सगळं वाळलं."

दुपारपर्यंत मिसबाहची छाती वाजू लागली. दवाखान्यात नेल्यावर डॉक्टरबाईंनी तपासलं, औषधाचा पंप दिला आणि विचारलं, "घरात काही नवं केलंय का?" उत्तर ऐकून त्यांनी समजावून सांगितलं. प्लायचे थर ज्या सरसानं चिकटवतात त्यातून, पॉलिशमधून, तेलरंगातून वायू सुटतो. वरून वाळलं तरी तो थांबत नाही, प्लायमधून तर महिनोन् महिने निघत राहतो. हवा खेळती असेल तर निघून जातो, बंद खोलीत साचतो. दम्याच्या बाईला ती खोली नको, आणि नवजात बाळाला तर नकोच. "खोली मोकळी होणार नसेल तर सासरी परत जा. माहेरच पाहिजे असा हट्ट धरू नका."

घरी आल्यावर मिसबाहनं बॅग बाहेर काढली. "मी देवपूरला जाते, अब्बा. वाईट वाटून घेऊ नका."

हाशमभाई मागच्या खोलीत गेले. मधोमध उभं राहून त्यांनी छाती भरून श्वास घेतला.

"मला तर काहीच वास येत नाही."

नसीम ओढणी नाकाला लावून दारातच थांबली होती. "काहीच नाही? मला इथं डोळे चुरचुरतात."

"खरंच नाही येत."

तिनं ओढणी खाली घेतली. "मागे खीर करपली होती. तुम्ही वाटीभर खाल्लीत. मला वाटलं, माझं मन राखताय."

"मन कसलं राखतो. मला कळलंच नाही." कपाटाच्या दारावरून हात फिरवत ते म्हणाले, "मिसबाहच्या निकाहात अत्तर लावलं, तर वाटलं कुपी शिळी आहे. गळाभेट घेताना जो तो तारीफ करत होता."

"सांगायचं नाही?"

"सुताराला हात लागतात. नाक कोण विचारतं?"

त्यांनी शेडमधून पेचकस आणला. कपाट खोलीतच जोडलं होतं, दारातून अख्खं निघेना. बिजागऱ्या सोडवल्या, दारं काढली, मग चौकट. मिसबाह म्हणाली, राहू द्या, मी ओट्यावर झोपेन.

"पोटुशी ओट्यावर? कुंदाबाईंकडे जाऊन बस. भुसा उडेल."

फळ्या शेडच्या मागे भिंतीला टेकवून ठेवल्या आणि मिसबाहचं अंथरूण तोवर पुढच्या खोलीत घातलं. खिडक्यांशी नसीम अडली. चाळीस दिवस बाळबाळंतिणीला बंद खोलीत ठेवायचं, हे तिनं आईकडून घेतलेलं. ती खिडकीपाशी बराच वेळ उभी राहिली. मग फटींतलं कापड तिनंच ओढून काढलं. "कान बांधू. टोपडं घालू. वारा कानातूनच शिरतो म्हणतात."

पुढे रोज सकाळी ती त्या खोलीत जाऊन उभी राहायची आणि हाशमभाई दाराबाहेर थांबायचे. "आहे," ती सांगायची. काही आठवड्यांनी "आहे, पण कमी" म्हणाली. दिवस भरत आले तेव्हा एकदा काही न बोलता बाहेर आली, मिसबाहला घेऊन गेली. मिसबाहनंही 'नाही' अशी मान हलवली. मग तिथे जुनी लोखंडी खाट पडली आणि कपड्यांसाठी पत्र्याची पेटी आली.

मुलगी झाली. मिसबाहचं चाळिसावं अजून व्हायचं आहे. खिडकी उघडी असते, बाळाचे कान बांधलेले असतात. हाशमभाई काम संपलं की अंगणात आंघोळ करतात, धुतलेला सदरा घालतात आणि दाराशी येऊन थांबतात.

"बघ गं, वास येतो का?"

नसीम जवळ जाऊन त्यांच्या खांद्याचा वास घेते, मग बाहीचा, मग केसांचा.

"केसांत आहे अजून. जा, परत धुऊन या."

ते जातात. ओल्या केसांनी परत येतात, आणि ती बाळ त्यांच्या हातात देते.