दादाची गेरूची रेघ

दादा गेल्याचा निरोप माहेराहून, अमडापूरहून एसटीने आला, तेव्हा मी दिवाळीसाठी काठीला बोळा बांधून भिंत पोतारत होते. हात पांढऱ्या मातीत, आणि समोर चुलीच्या वर त्याने ओढलेली गेरूची रेघ अर्धी पुसलेली... मी तिथेच खाली बसले. छातीत कळ आली आणि गेला म्हणे. भांडायलाही वेळ मिळाला नाही त्याला.

दादा आमच्या गावाच्या वर बांधलेल्या मातीच्या धरणावर ओव्हरसियर होता. पुण्याकडचं धरण फुटलं त्या पावसाळ्यापासून त्याने एकच ध्यास घेतला. आपलं फुटलं, तर पाणी कुठवर येईल? सुट्टीच्या दिवशीही उंची मोजायचं यंत्र खांद्यावर टाकून त्याने सगळा नदीकाठ पालथा घातला. हिशेब साहेबांपुढे ठेवला, तर ते म्हणाले, धरण भक्कम आहे, घबराट कशाला पसरवता? दादा कसला ऐकतो! त्याने पहिली रेघ ओढली ती सख्ख्या बहिणीच्या घरात, मी हात वर केला तरी चार बोटं उरतील इतक्या उंचीवर. मग गावभर ओढत सुटला.

गावात बोंब झाली. धरणात बुडालेली वरची गावं उठवण्याआधी तिथल्या घरांवर अशाच खुणा केल्या होत्या. सगळ्यांना वाटलं, आता आपली पाळी. सासरे तर लालबुंद झाले.

"काऊन हो पाहुणे, आमाले उठवाले आले का? आन् बहिणीचंच घर भेटलं?"

"कोनाले उठवत नाही, मामाजी. धरण नोको फुटू. पन फुटलं त पानी या रेघेवर येईन. तवा भांडीकुंडी सोडा आन् मारुतीच्या टेकडीवर पळा. इतकंच सांगून राह्यलो."

लोकांनी आपापल्या भिंती शेणाने सारवून टाकल्या. माझ्या भिंतीवर मात्र रेघ राहिली. दिवाळीला मी ती पोतारायची, आणि भाऊबीजेला दादा पाटावर बसण्याआधी विचारायचा, "शांते, गेरू कुठं हाय?" आधी रेघ, मग ओवाळणं. गावातले टपून असायचे, "कुठं हाय तुमचं पानी?" तो हसायचा, "नाही आलं त पेढे वाट ना बे!"

यंदा सासूबाई म्हणाल्या, दुःखाचं वर्ष आहे, पाट मांडू नको. दीर म्हणाले, "वैनी, रेघवाला मानूस गेला. आता तरी भित कोरी करा."

मला संतापच आला. माणूस गेला, धरण कुठे गेलंय? ते वर तसंच भरलेलं आहे, आणि त्याच्याखाली माझी लेकरं झोपतात. त्यांना रेघ दाखवून टेकडी कुठे ते विचारलं, तर धाकटीसुद्धा बरोबर बोट करते. हे दादाने शिकवलंय, मी पुसू देणार नाही.

भाऊबीजेला मी पाट मांडला. भोवती रांगोळी घातली, गेरू कालवला. निरोप आला तेव्हा अर्धी उरलेली रेघ भिंतीवर तशीच होती, पण हात पोचेना. मग दादाच्या पाटावर चढून उभी राहिले आणि ती पुरी केली.