पक्क्या भिंतीला आणखी एक सोंगटी

“दोघांपैकी एकालाच मिळेल,” आमचे बॉस देसाई साहेब म्हणाले. “परब, तुम्ही किंवा सुखदा. आपसात ठरवा.”

शनिवारची दुपार, दादरच्या एका शाळेचा हॉल. आमच्या ऑफिसने स्टाफसाठी वीकेंड वर्कशॉप ठेवलं होतं. शिकवायला जपानहून गो या पटावरच्या खेळातल्या एक प्रोफेशनल खेळाडू आल्या होत्या. रविवारी त्या आमच्यापैकी एकाशी सगळ्यांसमोर पूर्ण डाव खेळणार होत्या.

मी परळच्या एका कन्सल्टन्सीत क्वांटिटी सर्व्हेअर आहे. बिल्डिंगला सिमेंट किती, लोखंड किती, ते ड्रॉइंगवरून काढणं हे माझं काम. काढलेला आकडा पुन्हा तपासणं ही माझी सवय. ऑफिसात गो मी आणला. सुखदा तावडेला लंच अवरमध्ये मीच शिकवलं. वर्कशॉपची कल्पनाही माझीच. आणि आता म्हणे, आपसात ठरवा!

त्यात सकाळपासून जपानी मॅडम सुखदाच्या पटापाशी तीनदा थांबल्या होत्या. माझ्या पटावर नजर टाकून पुढे गेल्या.

“सर, तुम्हीच खेळा ना,” सुखदा म्हणाली.

मी ‘बरं’ म्हणणार, एवढ्यात मॅडम सावकाश इंग्रजीत म्हणाल्या, “तुम्ही दोघं खेळा. जिंकेल तो उद्या माझ्यासमोर.”

गो अगदी साधा आहे. पटावरच्या रेघा जिथे छेदतात तिथे एकाने काळी, दुसऱ्याने पांढरी सोंगटी ठेवायची. सोंगट्यांची भिंत घालून जागा वेढायची. शेवटी ज्याची मोकळी जागा जास्त, तो जिंकला. पण आपणच वेढलेल्या जागेत आपण सोंगटी ठेवली, तर आपला एक पॉइंट जातो. काळे आधी खेळतात, म्हणून पांढऱ्याला साडेसहा पॉइंट वरचे. त्या अर्ध्यामुळे बरोबरी होत नाही. शिकणारा काळे घेतो, शिकवणारा पांढरे. सुखदाने सवयीने काळे घेतले.

डाव संपत आला तेव्हा मी मनात हिशेब केला. दीड पॉइंटने पुढे होतो. पुन्हा केला, तेवढाच आला. तरी उजव्या कोपऱ्यातली भिंत मला कच्ची वाटली. आत एक सोंगटी ठेवून ती पक्की केली. थोड्या वेळाने डावीकडची भिंतही तशीच पक्की केली.

मोजणी झाली. सुखदा अर्ध्या पॉइंटने जिंकली.

“सॉरी सर.”

“सॉरी कसलं? छान खेळलीस.” मी हसलो. जबडा दुखला.

डाव झाल्यावर तो पहिल्यापासून मांडून बघायचा, अशी गोमध्ये रीत आहे. मॅडमनी आमचा अख्खा डाव आठवणीने मांडला आणि उजव्या कोपऱ्यातल्या त्या सोंगटीवर बोट ठेवलं.

“ही कशासाठी?”

“सेफ्टीसाठी.”

“कोणापासून?”

मी सुखदाकडे पाहिलं. मग पटावरच्या त्या भिंतीकडे. मॅडमनी काळ्या सोंगट्या तिथे घुसवून दाखवल्या. एकही आत टिकली नाही. दुसऱ्या भिंतीचंही तेच. देसाई साहेब मागून म्हणाले, “परब, टेंडरमध्ये पण असंच सेफ्टीसाठी जास्तीचं सिमेंट धरता का हो?” सगळे हसले. सुखदा हसली नाही, याचा मला जास्त राग आला.

रविवारी ती मॅडमशी खेळली आणि सपाटून हरली. त्या हरण्यात आपल्याला आनंद शोधता येईल असं मला वाटलं होतं. पण मॅडमनी तिची एक खेळी आवडली म्हणून पुन्हा मांडायला लावली, आणि निघताना आपला कागदी पंखा सही करून तिला दिला. आता तो तिच्या मॉनिटरला टेकून उभा असतो. माझ्या टेबलावरून नीट दिसतो.

सोमवारी लंच अवरला तिने पट मांडला आणि काळ्या सोंगट्यांची वाटी स्वतःकडे ओढली.

“ती इकडे दे,” मी म्हणालो.

“असू दे ना सर. काळे माझेच.”

“हरलो मी. दे.”

तिने वाटी सरकवली. गेली चार वर्षं मी तिला ज्या जागेवरून शिकवलं, ती जागा मी अर्ध्या पॉइंटने घालवली होती, आणि तो अर्धा पॉइंट तिने जिंकण्याआधी मीच माझ्या भिंतींत पुरला होता.

टेंडरचे आकडे मी आजही दोनदा तपासतो. फक्त तपासून बरोबर आले, की हात मागे घेतो.