मेपलची शेवटची काहील

आबांना मी नेदरलँड्समध्ये ब्रेडाला ट्युलिप बघायला बोलावलं नव्हतं. मला त्यांच्या तोंडून एक वाक्य ऐकायचं होतं. ‘तुझ्या आईला मी मारलं.’ बस, एवढंच. आई जाऊन वर्ष झालं होतं, आबा अठ्ठ्याहत्तरचे, व्हिसा तीन महिन्यांचा. एवढ्या दिवसांत कधीतरी निघेल म्हटलं. कसलं निघतंय! परतीचं विमान चार दिवसांवर आलं तरी माणूस मला हवामान आणि हायब्रीड टोमॅटोच्या चवीवर भाषणं देत होता.

माझा बाप गुळव्या. कोल्हापूरकडे आमच्या भागात गुऱ्हाळ लागलं की आधी आबांना बोलावणं यायचं. उकळत्या रसाचा थेंब गार पाण्यात सोडायचा, बोटांनी त्याची गोळी वळायची आणि रसाची भलीमोठी कढई, काहील, कधी उतरवायची ते सांगायचं. त्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नव्हतं. पण तोच हात मोकळा सुटलेला होता. गूळ बिघडला की समोर जो असेल त्याला फोडून काढायचे.

मी नऊ वर्षांची होते तेव्हाची गोष्ट. आई काहिलीखालच्या चुलवाणात उसाची चिपाडं घालत होती. जाळ जास्त झाला आणि रस उतू गेला. आबांनी उकळत्या रसातला झारा उचलला आणि तिच्या हातावर हाणला. मी चार पावलांवर ऊस खात बसले होते. बघितलं, आवाजही ऐकला. आईची उजव्या हाताची तीन बोटं आखडली ती कायमची. त्यानंतर ती भाकरी तळहाताच्या कडेनं थापायची. गावाला सांगितलं, पाय घसरला आणि हात काहिलीत गेला. कॉलेजात असताना मी एकदा तोंड उघडलं, तर आबांनी मला दाराला टेकवून थोबाडलं. आणि आई काय म्हणाली? “अगं, पडलेच होते मी. तू लहान होतीस, तुला काय आठवतंय!”

माझा स्वभाव कुणावर गेलाय ते सांगायला नको. ऑफिसात मी एकदा टेबलावर लॅपटॉप असा आपटला होता की माझ्या डच साहेबानं मला आठवडाभर घरी बसवलं. नवरा आइंडहोवनला चिपच्या मशिनी बनवतो, थंड डोक्याचा माणूस. आबा येणार म्हटल्यावर एवढंच म्हणाला, “एका घरात दोन पेटत्या चुली. मी उशिरा येत जाईन.”

आमच्या शेजारी एक डच आजोबा राहतात. तरुणपणी काही वर्षं कॅनडात होते, तिथून एक खूळ घेऊन आले. त्यांच्या मागच्या अंगणात तीन मेपल आहेत. फेब्रुवारीत रात्री पाणी गोठायला लागलं आणि दिवसा ऊन पडलं की ते खोडाला भोक पाडतात, नळी ठोकतात, खाली बादली टांगतात. झाडातून रस टपकतो, दिसायला निव्वळ पाणी, चव किंचित गोड. तो लाकडाच्या चुलीवर दिवसभर आटवायचा, तेव्हा कुठं वाटीभर सिरप हाती लागतं.

आबांनी हे कुंपणावरून पाहिलं आणि ओरडले, “अगं, ह्यो म्हातारा काकवी करायलाय!”

त्या दिवसापासून आबा पलीकडेच. दोघांना एकमेकांची भाषा ओ की ठो कळत नव्हती. आजोबा थर्मामीटर दाखवायचे, आबा थेंब पाण्यात टाकून बोटानं दाखवायचे, आणि उत्तर एकच यायचं. मग दोघं हसायचे. सिरप झालं की आबा हळहळायचे, “अजून जाळ द्या की! काकवीवर कोण थांबतं? गूळ पडू दे.” मी खिडकीतून बघायचे आणि माझं डोकं फिरायचं. परक्या म्हाताऱ्याशी एवढं गोड वागता येतं तर माझ्या आईशी काय झालं होतं?

मार्च अर्धा सरला. रात्रीची थंडी गेली, मेपलच्या फांद्यांवर कळ्या फुगून फुटल्या. त्या शनिवारी बादल्यांतला रस पिवळट, गढूळ होता. आजोबांनी वास घेतला आणि मान हलवली. “संपला हंगाम,” ते मला म्हणाले. “कळ्या फुटल्यावरचा रस आटवला की घाण चव येते. वडिलांना सांगा, ओतून द्यायचा.”

मी सांगितलं.

“ओतून देतोय? खुळा हाय का!” आबा खवळले. “लोकांनी किडका ऊस आणून टाकलाय माझ्यापुढं, त्याचा बी गूळ पाडलाय मी.”

आजोबा हसले, करू दे म्हणाले आणि कॉफी प्यायला आत गेले. आबांनी दोन्ही बादल्या चुलीवरच्या परातीत ओतल्या. परात कसली, चांगली हातभर लांब स्टीलची कढईच ती. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “जाळ घाल.”

मी बसले. चार दिवस राहिलेत, आज विचारायचंच, असं ठरवून चुलीपुढं बसले आणि ओंडके सरकवत राहिले. हे काम आईचं होतं, हे त्यांच्या लक्षात आलं की नाही कुणास ठाऊक. माझ्या आलं होतं.

रस तापला तरी गढूळच. आबांनी खिशातून तंबाखूची चंची काढली आणि चुन्याची डबी उघडली. गुऱ्हाळात रसात चुना घालतात, म्हणजे मळी वर येते आणि रस साफ होतो.

“आबा, नको. हा ऊस नव्हे.”

“तू मला शिकीवतीस?”

नखभर चुना घातला. फरक पडेना, म्हणून आणखी घातला. रस पिवळ्याचा तपकिरी झाला, मग गंजक्या पाइपातल्या पाण्यासारखा, आणि कुबट वास सुटला. आबांचं तोंड कसनुसं झालं. पन्नास वर्षांच्या गुळव्याला दोन बादल्या झाडाचं पाणी साधेना! तेवढ्यात फेस भसाभसा वर चढला.

“जाळ ओढ! भवाने, जाळ ओढ म्हणतोय न्हवं!”

मी एक ओंडका बाहेर खेचला. तोवर रस उतू जाऊन निखाऱ्यांवर पडला, वाफेचा लोट उठला, आणि त्या वाफेतून आबांच्या हातातला झारा आला. मी हात मागे घेतला म्हणून कड मनगटावर बसली. जॅकेटची बाही वितळून कातड्याला चिकटली.

मी उठले आणि झारा त्यांच्या हातातून हिसकावला.

“आईला असंच मारलंस ना? बोल!” आयुष्यात पहिल्यांदा मी बापाला अरे-तुरे केलं.

“काय बोलू? सोड त्यो. याड लागलं का तुला?”

“बोल म्हणते ना!” आणि मी हाणला. खांद्यावर. खोटं कशाला बोलू, पहिल्या फटक्याला बरं वाटलं. फार बरं वाटलं. दुसरा त्यांनी हात आडवा घातला त्यावर बसला आणि काहीतरी कट्कन वाजलं. आबा लाकडांच्या ढिगावर कोसळले. मी लाथ मारून परात उलथवली, उकळता रस गवतावर पसरला, त्यांच्या पायापासून वीतभर अंतरावर. झारा तिसऱ्यांदा वर उचलला होता. खाली पडलेल्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसावर. मला थांबायचं नव्हतं.

मागचं दार उघडलं आणि आजोबा घरातल्या सपाता घालून धावत आले. “काय झालं? काय झालं?”

आबा हात पोटाशी धरून बसले होते, चेहरा राखेसारखा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि स्पष्ट आवाजात म्हणाले, “पडलो म्हण. पाय घसरला म्हण त्याला.”

माझं डच चांगलं आहे. खरं काय ते मला सहज सांगता आलं असतं.

“ते पडले,” मी म्हणाले. “गवत ओलं होतं.”

एकदाही अडखळले नाही. आजोबांनी माझ्या हातातला झारा पाहिला, बाही पाहिली आणि चुलीवर पाणी ओतलं. मग आतून गोठवलेल्या मटाराची पिशवी आणून आबांच्या हातावर ठेवली. त्यानंतर माझ्याशी फारसे कधी बोललेच नाहीत.

शनिवार, त्यामुळे आमच्या हाउसआर्ट्सचा, म्हणजे फॅमिली डॉक्टरचा, दवाखाना बंद. हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात गेलो. हाड मोडलं होतं. तरुण डॉक्टरीण बाईंनी एक्स-रे पाहिला, मग माझ्या मनगटाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “वडिलांना विचारा, त्यांना कुणी मारलंय का? घरी त्यांना भीती वाटते का?”

भाषांतर करायला मीच होते.

“आबा, तुम्हाला कुणी मारलं का, असं विचारतायत.” मी भाजलेलं मनगट पाठीमागे घेतलं. “घरी भीती वाटते का, असंही.”

आबा बाईंकडे बघून हसले. त्यांचं ते ठेवणीतलं हसू, पाहुण्यांसाठीचं. “न्हाई म्हण. पोरगी लई जीव लावती म्हण.”

मी तेही भाषांतर केलं. शब्दन् शब्द.

परतताना गाडी मीच चालवत होते, आबा शेजारी. हात प्लास्टरमध्ये, पट्टा खांद्याला टोचू नये म्हणून आबांनी डाव्या हातानं धरून ठेवलेला. रिंगरोडच्या सिग्नलला मी थांबले, तेव्हा ते समोर बघत बोलायला लागले.

“तुझ्या आईलाबी डॉक्टरनं असंच विचारलं हुतं. मी शेजारी हुबा हुतो. ती म्हनली, पडले. मी तिला सांग म्हनलं नव्हतं. माझ्याकडं एकदा बघितलं आनी म्हनली, पडले.” पट्टा सोडून त्यांनी डावा हात प्लास्टरवर ठेवला. “मारलं मी तिला.”

मिळालं मला माझं वाक्य. त्यानंतर त्यांना काय काय सुनवायचं, ते मी वर्षानुवर्षं पाठ करून ठेवलं होतं. शिव्यांसकट. आणि आता त्यातला एक शब्द बोलायला मला तोंड राहिलं नव्हतं. सिग्नल हिरवा झाला, मागच्यानं हॉर्न दिला, मी गाडी कशीबशी कडेला घेतली आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून ढसाढसा रडले.

मी डोळे पुसले आणि विचारलं, “हात दुखतोय का हो?”

“दुखतोय,” ते म्हणाले. “तिला मी ह्येबी कधी इचारलं न्हाई.”