वरून मारलेली हाक

आधीच सांगून टाकते, म्हणजे जीव टांगणीला नको: ती ट्रायथलॉन मी पूर्ण केली. पोहणं, सायकल, पळणं, तिन्ही. नंबर विचारू नका. पदक सगळ्यांनाच देतात, ते मलाही मिळालं आणि सध्या किल्ल्यांच्या खिळ्याला लटकलं आहे. त्या दिवसाचं सांगण्यासारखं फार काही नाही. सांगायचं आहे ते त्याआधीचं, मी पाण्यात तोंड का घालू शकत नव्हते त्याचं.

मी वाशीमला एका सरकारी कार्यालयात नोकरी करते. चाळिशी उलटली, साखर वाढली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं. चालण्याचं पळणं झालं, पळता पळता सायकलवाले भेटले, आणि हरभऱ्याच्या झाडावर चढवायला माणसं कधीच कमी पडत नाहीत. मंगरूळपीरच्या रस्त्यावर सायकल जमली. पळणंही जमलं, स्टेशनाकडच्या कुत्र्यांचा त्यात मोठा वाटा आहे. राहिलं पोहणं. अंगात ताकद आली की पाणी आपोआप उचलून धरतं, असा माझा समज होता. पाण्यानं तो पहिल्याच दिवशी मोडीत काढला.

शिकवणारे सर एका शाळेत खेळाचे शिक्षक. घर माळ्याचं, गावाला लागून वांग्या-मेथीचा मळा, आणि ते स्वतः त्या मळ्यातल्या विहिरीत पाठीला भोपळा बांधून शिकलेले. पोहण्याच्या तलावाच्या काठावर उकिडवे बसून ते ओरडायचे, "ताई, श्वास कोंडून काहून राह्यल्या? पान्यात सोडा तो. बुडबुडे काढा. मुंडकं वर आलं का मंग नुसता घ्याचा."

ऐकायला सोपं आहे. पण तोंड पाण्यात गेलं की माझा जबडा कुलूप घातल्यासारखा बंद व्हायचा. बाहेर यायचे ती लालबुंद होऊन, खोकत, आणि श्वास आतल्या आत तसाच. सरांना वाटलं, भीती. भीती होतीच. पण भीतीच्याही आधी एक सवय होती.

आम्ही जैन. वडिलांचं मेडशीला किराणा दुकान, दुकानामागे घर, घरामागे विहीर. न गाळलेलं पाणी तोंडात जाऊ द्यायचं नाही हे आम्हाला नीट बोलता येण्याआधीच शिकवलेलं. पावसातून जायचं तरी तोंड मिटून. एका थेंबात किती जीव असतात आणि आपल्या तोंडाची वाफ त्यांना किती गरम लागते, हे आई अशा काही सुरात सांगायची की ते जीव तिच्या नात्यातले वाटावेत. आणि आता सर म्हणत होते, तीच वाफ पाण्यात सोडा. डोक्याला हसू येत होतं, जबड्याला येत नव्हतं.

आईला तलावाचं सांगितलं तेव्हा तिचाही पहिला प्रश्न तोच. "गाळेल पानी असते का तिथी?"

मी म्हटलं, मशीन गाळतं, वर औषधही टाकतात.

"म्हंजे पयले गाळतेत अन् मंग मारतेत," ती म्हणाली आणि शेंगा सोलायला लागली. नको जाऊ असं मात्र म्हणाली नाही. त्याचंच मला आश्चर्य वाटलं.

गाळण्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. पाणी गाळलं की काम संपत नाही. फडक्यावर जे जीव राहतात, दिसत नसले तरी, ते ज्या पाण्यातले त्याच पाण्यात परत पोचवायचे असतात. फडकं उलटं धरून थोड्या गाळलेल्या पाण्यानं धुवायचं आणि ते पाणी विहिरीत सोडायचं. त्याला जिवाणी म्हणतात. ती वरून ओतायची नाही, जीव आपटून मरतात. छोटी बादली दोरानं खाली सोडायची, पाण्याला टेकली की दोर ढिला करायचा, मग ती आपोआप कलंडते. आमच्या घरात हे काम माझ्या मोठ्या बहिणीचं होतं. ती अकरा-बारा वर्षांची असेल, मी तिच्या निम्मी. मी तिला ताई म्हणायचे.

एका सकाळी बादली कलंडली नसावी. ताई वाकली असावी, अजून थोडी वाकली असावी. असावी म्हणते, कारण कुणीच पाहिलं नाही. मी विहिरीवर गेले तेव्हा बादली पाण्यावर सरळ तरंगत होती, जिवाणीसकट, आणि पाणी अगदी शांत होतं. मी काठावरून "ताई, ताई" करत राहिले. ती लपली आहे असं मला वाटलं असेल. मग मोठी माणसं धावत आली आणि मला कुणीतरी उचलून दुकानात नेऊन बसवलं.

वडिलांनी विहिरीवर फरशी टाकली. गाव म्हणायला लागलं, ही विहीर माणूस धरते. आमच्या घरात कुणी काहीच म्हणालं नाही. बोलायचं नाही असं ठरलं नव्हतं, पण बोललो नाही.

आता तलावाचा तळ निळ्या फरशीचा, उभं राहिलं तर पाणी माझ्या छातीला. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी चष्मा लावून तोंड खाली केलं की ती फरशी हळूहळू दूर जायची आणि वाटायचं, खालून कुणीतरी माझ्याकडे बघतंय. रागानं नाही, वाट बघितल्यासारखं. तेवढ्यात दम संपायचा, डोकं वर यायचं, आणि कानात पहिला शब्द शिरायचा तो सरांचा: "ताई!" सगळ्याच बायकांना ताई म्हणतात, त्यात त्या माणसाचा काय दोष. मला मॅडम म्हणा, एवढं सांगता आलं असतं. सांगितलं नाही. ती हाक मला नको होती आणि हवीही होती.

वडील गेल्यापासून आई माझ्याकडे असते. तलावावरून आले की ती केस पुसायला पंचा आणून द्यायची आणि विचारायची. दमलीस का, जमलं का, हे नाही. "आत डोये उघडे राह्यतेत काय?" "खालून वरचं दिसते काय?" आणि एकदा मेथी निवडता निवडता, मान वर न करता, "वरचं आत आयकू येते काय?"

मी म्हटलं, माहीत नाही, मी आत टिकतच नाही.

"मंग टिकून पाह्य," ती म्हणाली.

त्यानंतर दर वेळी तिचा तोच प्रश्न आणि माझं तेच उत्तर. ताईचं नाव दोघींपैकी कुणी काढलं नाही, पण कशाबद्दल बोलणं चाललंय हे दोघींना कळत होतं. तिला त्या विहिरीच्या आतलं काहीतरी हवं होतं, आणि ते आणून देईल असं माझ्याशिवाय तिचं कुणी उरलं नव्हतं. स्पर्धा राहिली बाजूला. मी घाबरायला लागले ती या उत्तराला. मिळालं आणि ते वाईट निघालं, तर ते या वयात तिच्या हातात द्यायचं कसं?

स्पर्धेतलं पोहणं उघड्या पाण्यात असतं. म्हणून एका रविवारी सर म्हणाले, आता धरणावर चला, कितीक दिवस फरश्या मोजता. निघताना आईनं स्टीलचा डबा पुढे केला. "त्याच धरनाचं पानी नळाले येते. जिवानी हाय. नेऊन सोड."

नळाच्या पाण्याचे जीव परत कुठं पोचवायचे हा तिचा जुना घोर. इतकी वर्षं ती जिवाणी अंगणातल्या टाक्यात सोडायची आणि हळहळायची. त्यामुळे डब्यात नवल नव्हतं. पण डबा हातात घेता घेता मी थांबले. त्या सकाळनंतर हे काम तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. दुखत्या गुडघ्यांनी स्वतःच करायची. तिच्याही ते लक्षात आलं असावं, कारण तिनं लगेच पायात चपला घातल्या. "चाल, मीबी येतो."

ऑटोनं गेलो. सरांनी माझ्या कमरेला नारिंगी फुगा आणि एक लांब दोर बांधला, दोराचं दुसरं टोक आपल्या हातात ठेवलं. मी काठाशी बसले, मनगटापर्यंत हात पाण्यात घातला आणि डबा हळूच कलता केला. पाणी तिथे वीतभर होतं. तेवढा वेळ आईनं मागून माझा सदरा मुठीत गच्च धरून ठेवला होता.

मूठ सोडून ती म्हणाली, "आता तू आत जाय. मी हाक मारतो. आयकून सांग."

आई हाक मारत नाही. घरात कुणी हवं असेल तर ती उठते, जवळ येते, खांद्याला हात लावते. स्वयंपाकघरातून तिनं कुणाला आवाज दिलेला मला आठवत नाही. मी तो तिचा स्वभाव समजत होते.

छातीभर पाण्यात गेले आणि तोंड खाली केलं. हिरवट, गढूळ, स्वतःची बोटं तेवढी दिसत होती, तळ नव्हताच. श्वास धरला होता तोवर कानात नुसते ठोके. ते इतके मोठे की दुसरं काही ऐकूच येईना. ऐकायचं तर ते थांबवायला हवे होते, म्हणून मी श्वास सोडला. इतके महिने जे जमलं नाही ते ऐकण्याच्या नादात झालं. बुडबुड्यांचा खळखळाट झाला, मग तोही संपला, आणि राहिलेल्या शांततेत मी थांबले. खाली ताई होती. हे मी कुणाला पटवायला सांगत नाही, मला तसं वाटलं. मी तिच्या कानांनी ऐकत होते, आणि वरून काहीही येत नव्हतं.

श्वास घ्यायला तोंड वळवलं, पुन्हा खाली गेले. असं बऱ्याच वेळा केलं. बाहेर आले तेव्हा आई पाण्याच्या अगदी कडेला उभी होती, चपला भिजलेल्या.

"आयकू आलं?"

"पाण्याखाली काहीच नाही."

"काईच नाई?"

"काहीच नाही. तू काय म्हणत होतीस?"

ती खाली बसली. मीही बसले. पाण्याकडे बघत, पाण्यालाच सांगितल्यासारखं ती बोलली. "पोया करून राह्यली होती मी. तिले वेळ लागला. जिवानी सोडाले कितीक वेळ लागते? म्या तिथूनच हाक देल्ली."

"काय म्हणून?"

"कुठी मेली व पोट्टे, म्हनलं."

आमच्याकडे हे दिवसातून दहादा म्हणतात. भाजी आणायला उशीर झाला की मेली, चमचा सापडला नाही की मेला. त्यात कुणी कुणाचं वाईट चिंतत नाही. दुसऱ्या कुणाच्या आईनं त्या सकाळी तेच म्हटलं असतं आणि दुपारी विसरली असती. माझी आई ते एक वाक्य इतकी वर्षं घेऊन बसली होती. आताही काठावरून तिनं तेच म्हटलं होतं, तसंच्या तसं, कारण तिला तेच तपासायचं होतं.

"पान्यात नाई येत आयकू," ती म्हणाली. "अन् मुंडकं वर आल्यावर?"

तेव्हाही नाही, असं म्हणायला जीभ उचलली होती. पण सगळी हयात सत्याच्या व्रतात गेलेल्या बाईला असल्या वेळी थाप मारायची नसते, आणि मारली असती तरी तिनं ओळखली असती. मी आठवून पाहिलं. तोंड वळवलं की कान पाण्यानं भरलेला असायचा, आणि त्यातून दर वेळी काहीतरी आलं होतं.

"आवाज येते," मी म्हटलं, तिच्याच बोलीत, एरवी ऑफिसमुळे सुटलेल्या. "शब्द नाई समजत. नुसता आवाज."

"कोनाचा हाय ते समजते?"

"समजते. आई हाय, एवढंच समजते."

तिनं पदर तोंडाशी नेला, पण तो पुरला नाही. ताईसाठी तिला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं; त्या दिवशी ती मोठ्यानं रडली, आणि दोर गुंडाळत असलेले सर काही न विचारता लांब जाऊन पाठमोरे उभे राहिले.